‘त्यांना’ म्हणजे दर वेळी ‘देम’ नव्हे

‘स, ला, ते; स, ला, ना, ते’ हा पाठ मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारला तरी बिनचूक येतो. पुढे इंग्रजी सुरू झाले की याच पाठाला एक तक्ता जोडला जातो: ‘आम्हाला’ म्हणजे ‘अस’, ‘तुम्हाला’ म्हणजे ‘यू’, ‘त्यांना’ म्हणजे ‘देम’. तीन शब्द, तीन अर्थ, एका तासिकेत विषय संपतो. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या पट्ट्यात, मूल घरी ‘आमाले, तुमाले, त्याइले’ म्हणते. घाटावर चिखली, देऊळगाव राजाकडे साधारणपणे ‘ले’ मागे पडून ‘ला’ येतो. म्हणजे घाटाखालच्या मुलाने आधी ‘ले’चा ‘ला’ करायचा आणि मग ‘ला’चा ‘अस’ करायचा. एवढी कसरत करूनही ‘ही टोल्ड टू अस’, ‘सम ऑफ दे’, वडिलांबद्दल लिहिताना ‘आय हेल्प देम’ अशी वाक्ये वह्यांमध्ये येतच राहतात. शिक्षक ती लाल शाईने कापतात, तक्ता पुन्हा पाठ करून घेतात, आणि चुका तिथेच राहतात. माझे म्हणणे असे की दोष मुलांच्या पाठांतरात नाही, तक्त्यात आहे. मराठीतला ‘ला’ आणि इंग्रजीतले ‘अस, यू, देम’ ही दोन निरनिराळ्या व्यवस्थांची माणसे आहेत. काही ठिकाणी त्यांची गाठ पडते, पण तेवढ्यावरून त्यांचे नाते जुळवणे चूक आहे.

दोन्ही व्यवस्था कशा चालतात ते आधी पाहू. मराठीत शब्दाचे काम त्याच्या शेपटीवरून कळते. ‘गावकऱ्यांनी त्यांना पाहिलं’ म्हणा की ‘त्यांना गावकऱ्यांनी पाहिलं’ म्हणा, कोणी कोणाला पाहिले यात फरक पडत नाही, कारण ‘नी’ आणि ‘ना’ शब्दांना घट्ट चिकटलेले आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते. पुढच्या काही शतकांत ते झिजून गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या जागेकडे आले. आज इंग्रजीत पाहणारा क्रियापदाच्या आधी उभा राहतो आणि ज्याला पाहिले तो क्रियापदानंतर. नामाचे रूप दोन्हीकडे तेच. जुन्या व्यवस्थेची खूण उरली ती मुख्यतः सर्वनामांत: ‘वी’चे ‘अस’ होते, ‘दे’चे ‘देम’ होते. ‘यू’ तर तेवढाही बदलत नाही. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिताना ‘मराठीत इथे कोणता प्रत्यय आहे’ हा प्रश्न कामाचा नाही. प्रश्न दोनच: हा शब्द क्रियापदानंतर त्याचे कर्म म्हणून आला आहे का, किंवा ‘टू, फॉर, विथ, फ्रॉम, ऑफ’ यांच्यासारख्या शब्दयोगी अव्ययाच्या मागून आला आहे का. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर ‘अस’ आणि ‘देम’; नसेल तर बहुधा ‘वी’ आणि ‘दे’.

तक्ता पहिल्यांदा कोसळतो तो ‘आम्हाला भूक लागली’ या वाक्याशी. घाटाखाली ‘आमाले भूक लागली’. इथे ‘ला’ आहे, पण इंग्रजीत ‘अस’ला जागा नाही, तिथे ‘वी आर हंग्री’. लोणारची सहल डोळ्यांपुढे आणा. ‘गाइडने आम्हाला दैत्यसूदनाचं मंदिर दाखवलं’ याचे ‘द गाइड शोड अस द टेम्पल’ होते, तक्ता खुश. लगेच पुढचे वाक्य ‘आम्हाला मंदिर आवडलं’, आणि तक्ता फसला, कारण इंग्रजीत ‘वी लाइक्ड द टेम्पल’. ‘आम्हाला उशीर झाला’, ‘आम्हाला परत जायचं होतं’, ‘त्यांना रस्ता माहीत होता’, ‘त्यांना इंग्रजी येतं’, ‘त्यांना वाटलं’, या सगळ्यांत मराठी ‘ला’ किंवा ‘ना’ लावते आणि इंग्रजी ‘वी’ किंवा ‘दे’ मागते. भूक, आवड, माहिती, गरज, वाटणे, येणे, दिसणे: जे माणूस करत नाही, जे त्याच्या बाबतीत घडते, त्याला मराठी ‘ला’ लावून वेगळे ठेवते. हा मराठीचा मोठा बारकावा आहे आणि रोजच्या बोलण्यात ही वाक्ये इतकी येतात की त्यांना अपवाद म्हणून बाजूला सारता येत नाही. गंमत अशी की इंग्रजीतही पूर्वी हेच होते. शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारा ‘मीथिंक्स’ हा शब्द म्हणजे ‘मला वाटते’. त्यात ‘आय’ नाही, ‘मी’ आहे, म्हणजे ‘मला’. आज ‘आय लाइक’ म्हणतात त्या क्रियापदाची जुनी रचनाही ‘मला ते आवडते’ अशीच होती. प्रत्यय गेले, जागेचे महत्त्व वाढले, आणि क्रियापदाच्या आधी जो उभा आहे तो कर्ताच असणार असे इंग्रजीने ठरवून टाकले. त्यामुळे ‘अस हंग्री’सारखे काही लिहिणारे मूल मूर्ख नसते. ते इंग्रजीला तिच्याच एका जुन्या सवयीने बोलायला लावत असते.

आता उलट बाजू. मराठीत ‘ला’ किंवा ‘ना’ नसताना इंग्रजीत ‘देम’ लागतो अशी वाक्ये मोजायला बसलात तर दमाल. ‘त्यांची वाट बघ’ म्हणजे ‘वेट फॉर देम’. ‘त्यांच्याशी बोल’ म्हणजे ‘टॉक टू देम’. ‘त्यांच्यावर विश्वास ठेव’ म्हणजे ‘ट्रस्ट देम’. ‘त्यांचं ऐक’ म्हणजे ‘लिसन टू देम’. ‘त्यांच्यावर हसू नको’ म्हणजे ‘डोन्ट लाफ अ‍ॅट देम’. मराठीत एकदा षष्ठी, एकदा ‘शी’, एकदा ‘वर’. इंग्रजीत दर वेळी ‘देम’, फक्त त्याच्या आधी कधी ‘फॉर’, कधी ‘टू’, कधी काहीच नाही. मराठी शब्दयोगी अव्ययाच्या आधी ‘आमच्या’, ‘त्यांच्या’ अशी मालकीची रूपे येतात, म्हणून मूल ‘आमच्याबरोबर’चे ‘विथ अवर’ आणि ‘त्यांच्यापैकी काही’चे ‘सम ऑफ देअर’ करते. इंग्रजीत मात्र अव्ययानंतर सरळ ‘विथ अस’, ‘सम ऑफ देम’. हा नियम इतका साधा आणि जवळजवळ बिनअपवाद आहे की मराठी मुलांना तो सर्वांत आधी शिकवायला हवा, पण तक्त्यात त्याला रकानाच नाही.

‘टू’चा घोटाळा याच्यातलाच. ‘ला’ म्हणजे ‘टू’ असे एकदा डोक्यात बसले की ‘आम्हाला सांगितलं’चे ‘टोल्ड टू अस’ होणारच, कारण ‘अस’मध्ये ‘ला’ आधीच आहे हे कोणी सांगितलेले नसते. इंग्रजीत ‘टेल’, ‘आस्क’, ‘हेल्प’, ‘मीट’, ‘आन्सर’ यांच्यानंतर माणूस थेट येतो: ‘टेल अस’, ‘आस्क देम’, ‘मीट देम’. ‘से’, ‘एक्सप्लेन’, ‘स्पीक’ यांच्यानंतर मात्र ‘टू’ लागतो: ‘ही सेड इट टू अस’, ‘शी एक्सप्लेन्ड इट टू देम’. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’ यांना दोन्ही चालतात, पण क्रम बदलून: ‘गिव्ह अस द बुक’ किंवा ‘गिव्ह द बुक टू अस’. ‘गिव्ह टू अस द बुक’ सहसा नाही. यामागे एकच तर्क शोधू नये. हे क्रियापदांचे स्वभाव आहेत, आणि क्रियापद शिकतानाच त्याच्यासोबत शिकायचे असतात. ‘टेल’ हा सुटा शब्द पाठ करण्यापेक्षा ‘टेल देम’ ही जोडी पाठ केलेली बरी. मराठी मूल तरी ‘वाट’ हा शब्द ‘पाहणे’पासून वेगळा कुठे शिकते? ‘त्यांची वाट पाहणे’ हे सगळे एकदमच त्याच्या कानावर पडते.

मराठी घरातल्या मुलाला सर्वांत जास्त अडवणारी गोष्ट वेगळी आहे, आणि व्याकरणाच्या पुस्तकांत तिला क्वचितच जागा मिळते. ती म्हणजे आदर. ‘आई आली, तिला विचार’. ‘बाबा आले, त्यांना विचार’. आई एकेरी, वडील अनेकवचनी. आजी बहुतेक घरांत एकेरी, आजोबा बहुधा अनेकवचनी, शिक्षक-शिक्षिका, डॉक्टर, सरपंच नेहमीच अनेकवचनी. तक्ता हाताशी घेऊन मूल निबंध लिहिते तेव्हा आईला बरोबर ‘हर’ मिळते, पण वडिलांना ‘देम’ मिळतो: ‘माय फादर इज अ फार्मर. आय हेल्प देम इन द फिल्ड.’ इंग्रजी वाचणारा इथे थांबतो. वडील एक, मग मदत कोणाला? शेतातल्या मजुरांना? मागच्या ओळीत मजूर नाहीत, म्हणून तो मागे जाऊन शोधतो. मराठीचा ‘त्यांना’ माणसे मोजतो आणि मानही देतो, दोन्ही कामे एकाच शब्दात. इंग्रजीचा ‘देम’ आदरासाठी वापरत नाहीत.

१२ जानेवारीला सिंदखेड राजा येथे जिजाऊंचा जन्मोत्सव होतो. १५९८ सालच्या त्या जन्माची आठवण जिल्ह्याला किती जवळची आहे ते वेगळे सांगायला नको. त्या सुमारास कुणा मुलीने इंग्रजीत भाषण लिहायला घेतले तर ‘लोकांनी त्यांना मान दिला’ हे वाक्य तिच्या पेनातून ‘पीपल रिस्पेक्टेड देम’ असे येण्याचा पूर्ण संभव आहे, आणि इंग्रजीत ते ‘पीपल रिस्पेक्टेड हर’ असेच हवे. इथे एक खरा आक्षेप येतो आणि तो हसून टाळण्यासारखा नाही: राजमातेला ‘तिला’ म्हणायचे? माउलीबद्दल, गजानन महाराजांबद्दल लिहिताना ‘हिम’? मनाला खटकते हे मान्य. पण खटकते ते आपण ‘हिम’चे मनातल्या मनात ‘त्याला’ असे मराठी करतो म्हणून. इंग्रजीत ‘हिम’ एकेरी नाही. तो केवळ एक आहे. इंग्रज स्वतःच्या देवालाही ‘हिम’ म्हणतात आणि राणीलाही ‘हर’. मान द्यायला त्यांच्याकडे पदव्या आहेत, ‘सर’, ‘मॅडम’ आहेत, क्रियापदांची निवड आहे, वाक्याचा सूर आहे. राजमाता जिजाऊंचा मान ‘हर’ने कमी होत नाही, उलट ‘देम’ लिहिले तर एकट्या जिजाऊंच्या जागी कोणते तरी अनेक लोक उभे राहतात.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू असतो: आजकाल इंग्रजीतही एका माणसाला ‘दे’ आणि ‘देम’ म्हणतात ना? म्हणतात, आणि आजकालच नाही, चौदाव्या शतकापासून तशी उदाहरणे आहेत. २०१९ साली अमेरिकेच्या मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने ‘दे’ हाच वर्षाचा शब्द ठरवला. पण हा ‘देम’ कधी येतो ते पाहा. माणूस कोण आहे हे ठाऊक नसताना: ‘कोणी आलं तर त्यांना बसायला सांग’ याचे ‘इफ समवन कम्स, टेल देम टू सिट’. स्त्री की पुरुष हे सांगायचे नसताना. किंवा ज्यांनी स्वतःसाठी तोच शब्द मागितला आहे अशांबद्दल. ओळखीच्या वडिलांना किंवा मुख्याध्यापकांना मान द्यायला तो कधीच येत नाही. त्यामुळे हा आक्षेप मुलाच्या ‘आय हेल्प देम’ला वाचवू शकत नाही.

माणसांकडून वस्तूंकडे वळले की वेगळाच प्रकार दिसतो. मराठी वस्तूंच्या बाबतीत सर्वनाम सर्रास गाळते. ‘शेगावहून पेढे आणले, वाटले, खाल्ले’ हे पूर्ण मराठी वाक्य आहे. ‘त्यांना’ कुठेच नाही आणि हवाही नाही. ते शब्दशः इंग्रजीत गेले की ‘वी ब्रॉट पेढाज, डिस्ट्रिब्यूटेड अँड एट’ असे अर्धवट राहते. ‘डिस्ट्रिब्यूटेड’ काय, हे इंग्रजी विचारत राहते, आणि त्याचे उत्तर ‘देम’ने द्यावे लागते. ‘त्यांना’ हा शब्द मराठी प्रामुख्याने माणसांसाठी आणि जनावरांसाठी ठेवते. पेढ्यांना कोणी ‘त्यांना खाल्ले’ म्हणत नाही. म्हणूनच ‘त्यांना म्हणजे देम’ शिकलेले मूल वस्तूंच्या वाक्यात ‘देम’ घालायचे विसरते. त्याच्या मराठीत तिथे काहीच नसते, मग भाषांतर कशाचे करणार?

त्यात दोन्ही भाषांचे वस्तू मोजण्याचे हिशेब जुळत नाहीत. मराठीत पैसे अनेकवचनी: ‘बाजार समितीत पैसे मिळाले, ते मोजून खिशात ठेवले’. इंग्रजीतले ‘मनी’ मोजता येत नाही, म्हणून ‘काउंटेड इट’, ‘देम’ नाही. ‘गहू निवडले’, ‘तांदूळ धुतले’, ‘केस विंचरले’, सगळे मराठीत अनेकवचन, इंग्रजीत ‘इट’. उलट चष्मा मराठीत एक: ‘आजोबांनी चष्मा काढला आणि फडताळात ठेवला’. इंग्रजीत ‘ग्लासेस’ नेहमी अनेकवचनी, म्हणून ‘ही टुक ऑफ हिज ग्लासेस अँड पुट देम ऑन द शेल्फ’. कात्री, पँट, चिमटा यांचेही तसेच. ‘पोलिस’ हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी चालतो, म्हणून ‘कॉल द पोलिस अँड टेल देम’. ‘न्यूज’च्या शेवटी ‘ज’ ऐकू येतो म्हणून तो अनेकवचन समजू नये. ‘बातम्या ऐकल्या’चे ‘हर्ड इट’. हे शब्द थोडे आहेत. एका दुपारी भिंतीवर लिहून ठेवता येतील इतकेच, पण ते वेगळे काढून दाखवल्याशिवाय मुलाच्या लक्षात येत नाहीत.

जागेचा आणखी एक नियम सांगून पुढे जाऊ, कारण तो कानाने लवकर पकडता येतो. ‘पिक अप’, ‘टर्न ऑफ’, ‘पुट अवे’ अशा जोड-क्रियापदांत नाम शेवटी येऊ शकते: ‘पिक अप द बुक्स’. सर्वनाम मात्र मध्येच बसते: ‘पिक देम अप’, ‘टर्न देम ऑफ’. ‘पिक अप देम’ असे कोणी इंग्रज म्हणत नाही. सर्वनाम हलके असते, त्याच्यावर आघात नसतो, म्हणून ते क्रियापदाला चिकटते. बोलताना तर ‘टेल देम’चा ‘टेलम’ होतो. हा ‘म’ म्हणजे ‘देम’ची घाईत बोललेली मोडतोड असे वाटते, पण तो ‘देम’पेक्षा जुना आहे. इंग्रजीचा मूळचा शब्द ‘हेम’ होता. ‘देम’ हा उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून घेतलेला. ‘हेम’ लेखनातून गेला, बोलण्यात ‘म’ होऊन राहिला. क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्या मुलाला हे एकदा सांगितले तर त्याचा कान लगेच तयार होतो.

आता ‘अस’. इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, आणि ते अभिमानाने सांगायला हवे. ‘आम्हाला’ आणि ‘आपल्याला’ यांत ऐकणारा धरला आहे की वगळला आहे हे कळते. ‘आम्हाला बस मिळाली’ म्हणजे तुला नाही. ‘आपल्याला बस मिळाली’ म्हणजे तुलाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘आपण’, ‘आम्ही’ मिळून एकच ‘वी’ आणि एकच ‘अस’. फरक राहिला आहे तो एका बारीक जागी: ‘लेट्स गो’ म्हणजे ‘चला, जाऊया’, ऐकणाऱ्यासकट, ‘लेट अस गो’ सुटे आणि ठासून म्हटले तर ‘आम्हाला जाऊ द्या’. आणि बुलढाण्याच्याच उत्तर टोकाला गेले तर मराठीपेक्षाही बारीक हिशेब ठेवणाऱ्या भाषा भेटतात. सातपुड्यातल्या कोरकूत ‘आपण दोघे’, ‘आम्ही दोघे’, ‘आपण सगळे’ आणि ‘आम्ही सगळे’ यांना चार वेगळी सर्वनामे आहेत. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून बोलली जाणारी निहाली ही भाषा तर जगातल्या कोणत्याच भाषाकुळात अजून बसलेली नाही. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. कायपर या डच भाषाशास्त्रज्ञाने १९६२मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले, के. एस. नागराज यांचे सविस्तर पुस्तक २०१४मध्ये आले. निहालीतही ‘दोघे’ आणि ‘पुष्कळ’ यांना वेगळी सर्वनामे आहेत. इंग्रजीच्या पूर्वजांकडे ‘आम्हा दोघांना’ यासाठी ‘उंक’ असा स्वतंत्र शब्द होता. तो तेराव्या शतकाच्या सुमारास बोलीतून गेला. म्हणजे निहाली बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या डोक्यात सर्वनामांचा जो हिशेब असतो तो इंग्रजीने टाकून दिलेला आहे. त्या मुलाला ‘तुला सर्वनामे येत नाहीत’ असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला येणारे भेद इंग्रजीत करायचे नसतात, एवढेच शिकवायचे असते.

‘यू’ची कथा थोडक्यात सांगतो. हा मुळात फक्त कर्मरूप होता. कर्त्यासाठी ‘यी’ होता, आणि एकट्यासाठी ‘दाउ’ आणि ‘दी’. मध्ययुगात फ्रेंच दरबाराच्या प्रभावाने इंग्रजांनीही आपल्यासारखे आदरार्थी अनेकवचन सुरू केले. मोठ्यांना ‘यू’, मुलाला नि नोकराला ‘दाउ’. पुढे सगळ्यांनाच मान देता देता ‘दाउ’ बाद झाला आणि ‘यी’ही गेला. म्हणजे इंग्रजीने ‘तू’ टाकून ‘तुम्ही’ ठेवले, आणि ‘तुम्ही’मधूनही कर्मरूप ठेवले. परिणामी ‘यू’ पाहून एक की अनेक हे कळत नाही. म्हणून ‘तुम्हा सर्वांना’ म्हणायचे तर ‘ऑल ऑफ यू’, ‘तुम्हा दोघांना’ म्हणायचे तर ‘बोथ ऑफ यू’. आपल्याकडे ‘यू पीपल’ सर्रास म्हटले जाते. इंग्रजीच्या कानाला ते ‘तुम्ही लोक ना’ असे तुच्छतेने म्हटल्यासारखे वाटते. ते टाळावे.

या सगळ्यावर एक मोठा आक्षेप नव्या पद्धतीने शिकवणाऱ्यांचा असतो: इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, मराठीशी तुलना करत बसलात तर मूल कायम भाषांतर करत राहील. महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, मग लहान वयातच कानावर पडू द्या, आपोआप येईल. कानावर पडणे उत्तमच. पण कानावर पडायला आजूबाजूला इंग्रजी बोलले जावे लागते. मोताळ्याच्या किंवा संग्रामपूरच्या गावात शाळेचा तास संपला की इंग्रजी संपते. उरलेला दिवस वऱ्हाडी, मराठी, कोरकू. अशा मुलाच्या डोक्यात भाषांतर होणारच, शिक्षकाने तुलना केली तरी आणि टाळली तरी. न सांगता होणारी तुलना ‘ला म्हणजे टू’ असे चुकीचे सूत्र काढते. उघड केलेली तुलना ते सूत्र कुठे चालते आणि कुठे फसते ते दाखवते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान् पिढ्या मराठी माणसाला इंग्रजी शिकवू शकली ती वाक्याशेजारी वाक्य ठेवल्यामुळे. त्यातली जुनी भाषा सोडून द्या, पद्धत घ्या.

आणखी एक जण म्हणेल, एवढ्याशा चुकीने काय बिघडते, अर्थ तर कळतो. नेहमी कळत नाही. ‘सर मुलांना घेऊन आले. आम्ही त्यांना चहा दिला.’ चहा कोणाला, सरांना की मुलांना? मराठीत हे वाक्य खरोखर संदिग्ध आहे आणि आपण प्रसंगावरून समजून घेतो. इंग्रजीत ‘गेव्ह हिम टी’ लिहिले तर सरांना, ‘गेव्ह देम टी’ लिहिले तर मुलांना, किंवा मुलांसकट सगळ्यांना. लिहिणाऱ्याच्या मनात सर असतील आणि त्याने आदराने ‘देम’ लिहिले तर वाचणाऱ्याला चुकीची गोष्ट खात्रीने कळते. नोकरीच्या अर्जात, तक्रारीत, दवाखान्याच्या कागदावर अशी खात्रीची चूक महागात पडू शकते.

वर्गात काय करता येईल ते असे. तक्ता पुसू नका, पण त्याच्या शेजारी मुलांच्या घरची वाक्ये लिहा, त्यांच्याच बोलीत: ‘आमाले भूक लागली’, ‘त्याइची वाट पाय’, ‘बाबाले मदत कर, त्याइले सांग’. प्रत्येक वाक्याचे इंग्रजी करताना तीन गोष्टी मुलांना मोठ्याने विचारायला लावा: शब्द क्रियापदानंतर किंवा अव्ययानंतर येतो आहे का, खरोखर माणसे किंवा वस्तू किती आहेत, आणि मराठीने इथे काही गाळले आहे का. क्रियापदे ‘टेल देम’, ‘वेट फॉर देम’, ‘एक्सप्लेन इट टू देम’ अशी जोडीनेच फळ्यावर लिहा. ‘आमाले’ म्हणणाऱ्या मुलाला आधी ‘आम्हाला’ म्हणायला लावण्याची गरज नाही. ‘ले’वरूनही ‘अस’कडे थेट जाता येते, आणि तो रस्ता जवळचा आहे. येत्या सत्रात एका आठवड्यासाठी तरी जिल्ह्यातल्या शिक्षकांनी हे करून पाहावे, आणि वडिलांना ‘हिम’ लिहिणाऱ्या मुलाला सांगावे की त्याने वडिलांचा मान राखूनच ते लिहिले आहे.